ताणाचं पान

खेळ खिशात मावेल एवढाच होता, आणि त्याचं जे काही कौतुक होतं ते तेवढ्यातच होतं.

वडीगोद्रीच्या वाचनालयात त्रिंबकनं उभी हयात काढली. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, फाटलेल्यांना पुठ्ठे लावायचे. दर लग्नसराईत वाचनालयाच्या नावानं पत्रिकांचा ढीग येई. लग्नाला जाणं त्याच्या जिवावर येई, पण पत्रिकेचा जाड गुळगुळीत कागद मात्र टाकवत नसे. एका उन्हाळ्यात त्यानं त्या पत्रिका तंबाखूच्या पुडीएवढ्या कापल्या, छापील बाजू आत घालून दोन-दोन तुकडे खळीनं चिकटवले आणि वरच्या कोऱ्या बाजूवर आपल्या वळणदार अक्षरात लिहीत सुटला. वांगं, दोडका, मिरची, पाणी, शेणखत, खुरपं, मावा, गारपीट. परसबागेचा खेळ. प्रत्येकानं आपल्यासमोर वाफा मांडायचा, हातातल्या पानांतून बी लावायचं, पाणी घालायचं, जमलं तर दुसऱ्याच्या वाफ्यावर माव्याची कीड सोडायची. ज्याचा वाफा आधी भरला तो जिंकला. सुट्टीत नातवंडं यायची, त्यांच्याशी काय बोलावं हे त्याला सुचत नसे. खरं तर त्यासाठी हा सगळा उद्योग.

गंमत अशी, की ज्यानं बागेचा खेळ केला त्याच्या घरामागं हातभर परसदार नव्हतं. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. बाप गोरक्षनाथ कळप घेऊन फिरे आणि सुगी आटोपली की भुजंगच्या बापाच्या रानात मेंढरं बसवी. कळप रात्रभर रानात बसला की लेंड्यांनी जमीन खतावते. त्या बदल्यात धान्य मिळे. त्या बसवलेल्या कळपाच्या कडेला दोन पोरं गोट्या खेळत वाढली. पुढं एकाला पुस्तकं लागली, दुसऱ्याला रान. भुजंगची विहिरीवर मोसंबीची बाग होती, आणि बागेइतकाच मोठा आवाज होता.

फाट्यावर देवानंदच्या चहाच्या टपरीमागं लिंबाखाली एक बाकडं होतं. दुपार कलली की दोघं तिथं बसत. त्रिंबकनं पहिल्यांदा पानं मांडून दाखवली तेव्हा भुजंगनं ती उलटसुलट केली.

"तिंबक्या, ही काय बाग झाली का? भाजी मंडई करून ठेवली तू. ह्यात मोसंबी कुठंय?"

"मोसंबीला काय," त्रिंबक म्हणाला. "एक पान वाढवू. लावली, पाणी दिलं, आली."

भुजंग एवढा हसला की देवानंदनं गाळणं हातात घेऊनच मागं डोकावून पाहिलं.

"पाणी देल्यानं मोसंबी येत असती तर मी आज इमानात फिरून राह्यलो असतो. आरं, पाणी देत राह्यलं की पाला येतो, फळ न्हाई. फूल पायजे तर पाणी तोडावं लागतं. तान द्यावा लागतो. झाड सुकतं, पानं गळतात, बघणाऱ्याला वाटतं गेलं आता. तव्हा हळूच हलकं पाणी सोडायचं. मंग बघ."

"आणि उशीर झाला तर?"

"मंग सरपण."

"मग कळतं कसं, किती दिवस?"

"जमीन बघून. काळ्या रानाला लई दिवस लागतात. मुरमाड रानाला थोडे. मुरमाडाला काळीचा तान देला की झाड जळालंच. आन् ते बाहेरून कळत न्हाई गड्या. खालची जमीन ज्याची त्याला ठाव पायजे."

त्रिंबकनं कधी पुस्तकात असं वाचलं नव्हतं. निदान अशा शब्दांत तरी नव्हतं. त्यानं तिथल्या तिथं कोरी पानं काढली, पण भुजंगनं पेन ओढून घेतलं. "हे माझं पान. मी लिव्हतो." आणि दाबून दाबून, कागदाला खड्डे पडतील अशा अक्षरात त्यानं लिहिलं: तान.

"ण," त्रिंबक म्हणाला. "बाणातला ण."

"माझ्या बागेत न हाये."

त्यावरून पुढची कितीतरी वर्षं टवाळी चालली. बाकी सगळ्या पानांवर त्रिंबकचं अक्षर, ताणाच्या पानांवर भुजंगचं. त्रिंबक ते दुरुस्त करायला बघे आणि भुजंग पानं छातीशी धरे.

त्या पानानं खेळ बदलला. मोसंबीचं झाड लावताना त्याच्याखाली जमिनीचं एक पान पालथं ठेवायचं. काळी की मुरमाड ते फक्त लावणाऱ्याला माहीत. झाडावर ताण टाकला की झाड आडवं करायचं. काळीला तीन फेऱ्या, मुरमाडाला एक, मग पाणी घालून उभं करायचं. आधी उठवलं तर फूल नाही, उशिरा उठवलं तर झाड गेलं. समोरच्याच्या हातात ताण आहे असा नुसता वास आला तरी, झाड उठवायला त्याला पाणी मिळू नये म्हणून, बाकीचे पाण्याची पानं दाबून बसत. म्हणून ताणाचं पान हातात आलं की चेहरा कोरा ठेवायचा, सगळा खेळ त्यातच. त्रिंबकनंही मग एक पान घातलं, मेंढरांचं. हे आपल्या वाफ्यात टाकायचं नाही, दुसऱ्याच्या टाकायचं. त्याला खत मिळतं, आणि त्यानं तुम्हाला आपल्या हातचं एक पान द्यायचं. ते पहिल्यांदा वाचून भुजंगनं ते पान अंगठ्यानं पुसलं होतं. मग म्हणाला होता, "बराबर हाये."

पानं भुजंगच्या चंचीत राहत. त्याच्या आजीची चंची होती, कप्प्याकप्प्यांची. एका कप्प्यात बी, एकात पाणी, एकात रोगराई, वरून दोरी गुंडाळली की झालं. जालन्याला बाजाराला जाताना एसटीत, कुणाच्या लग्नात पंगत उठेपर्यंत, जांबला जत्रेत, कुठंही ती चंची उघडे. त्रिंबकची बायको आसराबाई खेळायला बसली की गारपिटीचं पान शेवटपर्यंत राखून ठेवी आणि बरोबर भुजंगच्या झाडावर टाकी. "भावजी, देवाची करणी," असं वर म्हणे. भुजंगची बायको दुर्गाबाई पानं न बघताच टाकी आणि तरी जिंके. भुजंग मात्र त्रिंबकला कधी सुखासुखी जिंकू देत नसे. ताणात तर नाहीच. "तुला रानच न्हाई तर तुला जमीन कशी कळंल," हे त्याचं ठरलेलं.

हे असं कायम चाललं असतं. पण त्रिंबकचा मुलगा आदिनाथ पुण्याला होता, आणि एका सुट्टीत त्यानं तो खेळ आपल्या मित्रांना शिकवला. मित्रांपैकी एकाची बायको चित्रं काढायची. मग फोन येऊ लागले. आबा, नियम लिहून पाठवा. आबा, छापायचंय. आबा, डबीच्या मागं नाव कोणाचं टाकायचं?

"नावाचं काय घेऊन बसलास," त्रिंबक म्हणाला होता. "नको नावबिव."

हे बोलताना त्याला बरं वाटलं होतं, हे खरं. आपल्याला मोठेपणा नको, एवढंच त्याच्या मनात होतं. आपलं नाव नको म्हणताना आपण दुसऱ्या कुणाचंही नको म्हणून बसलो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आणि आदिनाथनं जे कुणीही मुलगा करील ते केलं.

दिवाळीला आदिनाथ डब्या घेऊन आला. बापानं दाखवायला संकोच केला असता म्हणून तो स्वतःच टपरीमागं आला आणि एक डबी भुजंगच्या हातात दिली. "काका, बघा. तुम्ही खेळता तोच."

भुजंगनं डबी उघडली. चकचकीत पानं, रंगीत वांगी, हसरे टोमॅटो. एकेक पान तो अंगठ्यानं सरकवत गेला. मेंढरांचं पान आलं तेव्हा त्रिंबकला दाखवून म्हणाला, "तुझी मेंढरं लई धुतलेली दिसून राह्यली." मग एका पानावर थांबला. त्यावर एक गोरा माणूस दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता आणि डोक्यावर काळा ढग होता. खाली लिहिलं होतं: ताण.

"हा कोण बरं? ह्याचं डोकं दुखून राह्यलं का?"

आदिनाथ ओशाळला. "काका, ते... चित्र काढणारीला वाटलं ताण म्हणजे मनाचा ताण. छापून आल्यावर कळलं. पण लोकांना लई आवडलं ते."

"तरी बरं, ण लिव्हला," भुजंग म्हणाला. "न लिव्हला असता तर गवई काढला असता."

तिघंही हसले. त्रिंबक सगळ्यात जास्त हसला, कारण त्याला एकदम हायसं वाटलं होतं. मग भुजंगनं डबी पालथी केली. ओठ हलवत, अक्षर जुळवत वाचत गेला. त्याच्या बोटाखाली त्रिंबकनंही तेव्हाच पहिल्यांदा वाचलं. कल्पना, नियम व रचना : त्रिंबक गोरक्षनाथ, वडीगोद्री.

भुजंगचं बोट तिथं थोडा वेळ राहिलं.

"कागद भारी हाये," तो म्हणाला. डबी नीट बंद करून त्यानं बाकड्यावर ठेवली, आदिनाथच्या बाजूला. मग चहाचा ग्लास उचलून शेवटचा घोट घेतला आणि म्हणाला, "निघतो. मोटार चालू करायचीय."

त्या दिवसांत बागेचं पाणी तोडलेलं होतं. मोटार कशासाठी चालू करायची, हे त्रिंबकला बाकड्यावरून उठताना सुचलं.

संध्याकाळी शाळेत कार्यक्रम होता. आदिनाथनंच ठरवला होता. शाल, नारळ, गावच्या ग्रंथपालानं खेळ केला म्हणून कौतुक. त्रिंबकला शाल म्हटली की घाम फुटे, पण या वेळी तो मनातून निघाला होता तो एका वाक्यासाठी. बाकड्यावरून घरी आल्यापासून त्यानं ते वाक्य घोटलं होतं. या खेळातलं ताणाचं पान भुजंगचं आहे आणि तेच या खेळाचं मूळ आहे. आरशासमोर म्हटलं. आसराबाईसमोर म्हटलं.

"एवढंच म्हणायचं का?" ती म्हणाली.

"एवढंच."

"मंग बसून म्हणलं तरी चालतंय. उभं राह्यलं की तुमचे पाय बोलतात, तोंड न्हाई."

भुजंग आला होता. तिसऱ्या रांगेत, धुतलेल्या सदऱ्यात, दुर्गाबाईसकट. शाल घालून झाली. दोन शब्द बोला म्हणाले. त्रिंबक उभा राहिला. समोर शंभरेक चेहरे, त्यांत अर्धे त्याच्याकडून कधीतरी पुस्तक नेऊन परत न केलेले. त्यानं भुजंगकडं पाहिलं. भुजंग त्याच्याकडं नेहमीसारखा बघत होता, पानं हातात धरलेला माणूस बघतो तसा, चेहरा कोरा. त्रिंबकनं खांद्यावरची शाल सारखी केली. घोटलेलं वाक्य आलं नाही.

"मला बोलता येत नाही," त्रिंबक म्हणाला. "सगळ्यांचे आभार."

टाळ्या झाल्या. भुजंगनंही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर एक जास्तीची वाजवली, आणि ती ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी तो बाकड्यावर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्रिंबकनं देवानंदला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, काका सकाळी येऊन चहा पिऊन गेले. म्हणजे वेळ बदलली होती. त्या सुमारास गावात माणसं अशीही आपापल्या जातीत बसायला लागली होती. ज्यांच्या घरी आयुष्यभर ताटाला ताट लावलं त्यांनी फाट्यावर टपऱ्या वाटून घेतल्या होत्या. त्यामुळं हे दोघं एका बाकड्यावर दिसेनात याचं कुणाला नवल वाटलं नाही. उलट, इतके दिवस कसे काय बसत होते, असं एकजण त्रिंबकच्या तोंडावर म्हणून गेला. त्रिंबकला वाटलं, त्याला थांबवून सांगावं, अरे बाबा, ते नाही, एका पानावरून झालंय. पण हेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपलीच चूक सांगावी लागली असती. गावाचं कारण आयतंच होतं.

"जाऊन या की," आसराबाई म्हणाली. "हिथून हाकेवर तर मळ्यातलं घर हाये."

"आत्ता गेलो तर तो काही बोलणार नाही. राग ताजा आहे. थोडा ताण बसू दे. आपोआप येईल."

ती भाकरी थापत होती. हात थांबवून तिनं त्याच्याकडं पाहिलं. "बागवानासारखं बोलायला लागले. खालची जमीन कोणती हाये ते बघितलं का?"

"काळी," त्रिंबक म्हणाला. "पन्नास वर्षांची आहे. सोसेल."

हे तो उगाच म्हणाला नव्हता. त्याचा त्यावर विश्वास होता. आणि आपल्याला उठून जावं लागत नाही, ह्याचंही बरं वाटत होतं, तेही खरं. रोज दुपारी तो बाकड्यावर जाऊन बसे, पुस्तक उघडून ठेवी आणि रस्त्याकडं बघे. भुजंगची मोटारसायकल जाई. हात वर होई. हात वर होतोय म्हणजे झाड जिवंत आहे, असं त्रिंबक घरी येऊन सांगे.

त्याचा सगळा भरवसा संक्रांतीवर होता. इतकी वर्षं संक्रांतीला पहिला तिळगूळ भुजंगचा यायचा, तोही दारातून आरडत. घे तिंबक्या, आन् गोड बोलायचं तुला जमंना तर निदान बोल तरी. त्या दिवशी त्रिंबकनं सकाळीच धुतलेलं धोतर नेसलं आणि दाराकडं तोंड करून बसला. दुपारी भुजंगची सून वंदना आली. हातात स्टीलचा डबा.

"मामांनी पाठवलाय," ती म्हणाली. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

"ते नाही आले?"

"बागेत गेलेत. आज पाणी सोडून राह्यलेत. तान तोडायचाय म्हणले."

त्रिंबकनं तिळगूळ घेतला. आसराबाईनं डबा रिकामा करून त्यात आपल्या वड्या भरल्या. वंदना गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आता तरी उठा. त्यांनी झाडाला पाणी सोडलं. तुमी कव्हा सोडणार?"

पण माणसानं सुनेच्या हाती तिळगूळ पाठवला, आता आपण कसं जावं, हा नवा अडसर त्रिंबकला सापडला होता. काहीतरी घेऊन गेलं पाहिजे, असं त्याला वाटलं. रिकाम्या हातानं बोलावं लागतं. हातात काही असलं की ते बोलतं. त्यानं आदिनाथला फोन केला. दुसरी खेप छापायची होतीच. आदिनाथ म्हणाला, आबा, आधी सांगायचं की. आणि डबीमागं ओळ आली: ताण या पानाची कल्पना : श्री. भुजंगराव, वडीगोद्री. चित्र मात्र तेच राहिलं. तेच पान लोक एकमेकांना फोनवर पाठवत होते. पुण्यातल्या लोकांना डोकं धरून बसलेला माणूस फार जवळचा वाटत होता.

डबी हातात पडेपर्यंत बागा फुलल्या होत्या. त्रिंबक भुजंगच्या मळ्याकडं चालत निघाला तेव्हा वाटेतच मोसंबीच्या फुलांचा वास लागला. गोड, थोडा कडवट. भुजंगची झाडं पांढरी झाली होती. पाणी वेळेवर सुटलं होतं.

भुजंग अंगणात पाइपाला जोड देत होता. त्रिंबकला बघून त्यानं हात पुसले आणि उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्रिंबकला बघून उभा राहिला.

"या. या सर. बसा."

त्रिंबकला वाटलं थट्टा आहे. तो हसला. भुजंग हसला नाही. त्यानं आतून खुर्ची आणली, गमछ्यानं झटकली आणि ठेवली. त्रिंबक या घरात कायम ओसरीवरच्या पोत्यावर बसत आला होता.

"अरे भुजंगा, खुर्ची कशाला."

"असू द्या. पाहुण्या माणसाला पोत्यावर कसं बसवावं. कधी आलात? आदिनाथराव बरे हायेत?"

दुर्गाबाई पाणी घेऊन आली. चहा कपबशीत आला, ट्रेमध्ये, बाजूला बिस्किटं मांडून. या घरातला चहा त्रिंबक चुलीपाशी वाटीनं पीत आला होता. तिनं ट्रे ठेवला आणि पदर सारखा करत दाराआड उभी राहिली.

त्रिंबकनं डबी पुढं केली, पालथी करून, ओळ वर येईल अशी. "बघ. नाव घातलं. तुझं. आधीच घालायला पाहिजे होतं. माझ्याकडून..."

भुजंगनं वाचलं. या वेळी ओठ हलले नाहीत.

"कशाला तरास घेतला तुमी," तो म्हणाला. "आमचं काय त्यात. बोलता बोलता एक गोष्ट सांगितली व्हती, एवढंच."

"एवढंच नव्हतं ते, भुजंगा."

"चहा घ्या. गार व्हतो."

कपबशीचा आवाज होऊ नये म्हणून त्रिंबकनं ती दोन्ही हातांनी धरली. मग त्याला जे एक येत होतं ते तो म्हणाला. "एक डाव टाकू?"

"टाका की."

चकचकीत पानं हातातून निसटत होती. स्टुलावर दोन वाफे मांडले. त्रिंबक वाट बघत होता. आता टोमणा येईल, आता पाणी दाबून बसेल, आता म्हणेल, तुला रान न्हाई तर. भुजंग एकेक पान नीट, सरळ रेषेत ठेवत होता. तुमची बारी, एवढंच म्हणे. त्रिंबकनं त्याच्या वाफ्यात मेंढरं टाकली. भुजंगनं हातातली पानं पंख्यासारखी पसरून पुढं धरली. "घ्या, कोणतंही घ्या." तिथं पाण्याचं पान होतं. कोणताही खेळणारा ते लपवतो.

मग भुजंगनं मोसंबी लावली, खाली जमीन पालथी ठेवली, डोकं धरलेला माणूस वर टाकला आणि झाड आडवं केलं. एक फेरी गेली. भुजंगनं पाणी घातलं आणि झाड उभं केलं.

"बघू," त्रिंबक म्हणाला.

भुजंगनं खालचं पान उलटलं. काळी.

"चुकलं," तो म्हणाला. "घाई झाली. ध्यानातच आलं न्हाई."

पुढच्याच फेरीत त्रिंबकचा वाफा भरला. तो पानांकडं बघत राहिला. बाहेर फुललेल्या बागेतून मधमाश्यांचा आवाज येत होता. एका झाडाचासुद्धा दिवस ज्यानं कधी चुकवला नाही, त्या माणसानं काळ्या रानातला ताण एका फेरीत तोडला होता.

"जिंकलात तुमी, सर," भुजंग म्हणाला आणि पानं गोळा करायला लागला.

"भुजंगा, शिवी दे एखादी."

भुजंगचे हात थांबले. क्षणभर त्याच्या तोंडावर जुनं काहीतरी आलं. त्रिंबकनं ते पाहिलं, अगदी स्पष्ट पाहिलं. मग भुजंगनं डबीचं झाकण लावलं.

"तुमाला कशी देणार," तो म्हणाला. "तव्हा द्यायची व्हती. शाळेत. तोंडाशी आल्ती. पण तुमी बोलाल, बोलाल म्हणून गप बसलो. दुसऱ्या दिशी वाटलं, याल. मी वाट बघितली. मंग सोडून देलं."

"मला वाटलं, तुझा राग जाऊ दे. थोडे दिवस..."

"राग नव्हताच," भुजंग म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "थांबा जरा. एक वस्तू हाये तुमची."

तो आत गेला आणि मेडिकलच्या कागदी पिशवीत काहीतरी घेऊन आला. डबीही त्यानं पिशवीवर ठेवून दिली. "हिथं कोण खेळतंय आता. नातवंडं मोबाइलवर असतात. तुमच्याकडं असू द्या." मग तो फाटकापर्यंत सोडायला आला. पाहुण्याला सोडतात तसा.

घरी आल्यावर त्रिंबकनं पिशवी पलंगावर रिकामी केली. जुनी पानं. कडा मऊ पडलेल्या, कुठं चहाचा डाग, कुठं तेलकट अंगठा. एकाची खळ सुटून आतून कुणाच्या तरी लग्नाचा सोनेरी गणपती डोकावत होता. चंची नव्हती. ती भुजंगच्या आजीची, ती येणारच नव्हती. त्यानं पानं लावायला घेतली. बी, पाणी, खत, रोगराई. मेंढरं सगळी होती. एकही कमी नव्हतं.

आसराबाई चाळणी हातात घेऊन दारात उभी होती.

"काय म्हणले भावजी?"

"सर म्हणाला."

ती आत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. ढिगातून तीही शोधायला लागली. बराच वेळ दोघांनी पानं चाळली, मग ती थांबली.

"तान न्हाई," ती म्हणाली.

"त्याची होती ती पानं. त्याच्या अक्षरातली. ठेवून घेतली."

"मंग आता मोसंबी?"

"नुसतीच राहील. पाला येईल."

तिनं चकचकीत डबी ओढली, उघडली, त्यातून डोकं धरलेली माणसं वेचून काढली आणि जुन्या ढिगात घातली. "ही घ्या की. तेवढाच येळ जातो. टाका एक डाव."

त्यानं पिसली. नवी पानं बोटभर मोठी होती. जुन्यांच्या कडेतून बाहेर डोकावत होती, निळी, चमकणारी. त्यानं वाटली. आसराबाईनं पानं उचलून छातीशी धरली, सवयीनं. त्रिंबकला तिच्या हातात पाठीकडूनच दिसलं, कोणतं पान कुठं आहे. त्याच्याही हातात एक होतं. ते तिलाही दिसत असणार.

"हे लपत नाही," तो म्हणाला. "असं नाही खेळता येत."

आसराबाईनं आपल्या पानांची पाठ बघितली, मग त्याच्या पानांची.

"लपवायला आता हाये कोण समोर," ती म्हणाली. "टाका."